आयआरएस-१ए च्या कॅमेऱ्यात डिटेक्टरांची एकच ओळ का?

विदुला_क: सेमिनारसाठी आयआरएस-१ए बद्दल वाचतेय. १७ मार्च १९८८ ला सोव्हिएत संघातल्या बैकानूरहून गेलेला, जमिनीची चित्रं घेणारा भारतीय उपग्रह. त्याच्या लिस-१ कॅमेऱ्यात प्रत्येक बँडला (प्रकाशाच्या रंगपट्ट्याला) २०४८ डिटेक्टरांची (प्रकाश टिपणाऱ्या घटकांची) फक्त एक ओळ, आणि जमिनीवरचा एक पिक्सेल ७२.५ मीटरचा. २०१९ च्या कार्टोसॅट-३ उपग्रहात तोच पाव मीटरवर आला. सेन्सर सुधारत गेले म्हणून चित्र सुधारलं, एवढंच लिहिलं होतं. गाईड म्हणाले, कारण खोलात जाऊन शोध. एका ओळीतून चित्र बनतं कसं, आणि खरी अडचण कुठे असते?

निखिल_नकाशे: ओळ उड्डाणाच्या दिशेला आडवी बसवलेली असते. उपग्रह पुढे सरकतो तशी एकेक ओळ वाचली जाते, स्कॅनरची पट्टी कागदाखालून सरकते तशी. यालाच पुशब्रूम म्हणतात. १९७२ च्या लँडसॅट-१ या अमेरिकी उपग्रहावरच्या एमएसएस या स्कॅनरमध्ये मात्र आरसा डावी-उजवीकडे झुलायचा.

अधोबिंदू: विदुला, माझी बरीचशी नोकरी याच प्रतिमांच्या रेडिओमेट्रिक दुरुस्तीत (पिक्सेलच्या उजळपणातल्या चुका काढण्यात) गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अडचण प्रकाशाची आहे, आणि प्रकाश गोळा करायला मिळणाऱ्या वेळेची. गणित स्वतः करून बघ. आयआरएस-१ए ९०४ किमी उंचीवर होता, जमिनीवर त्याचा वेग सेकंदाला साधारण साडेसहा किमी. म्हणजे ७२.५ मीटर ओलांडायला ११ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात जो प्रकाश आत येईल तो तुझा. कार्टोसॅट-३ ५०९ किमीवर, वेग ७ किमी. पाव मीटर ओलांडायला ३५ मायक्रोसेकंद! वेळ ३०० पटींनी घटला, आणि ज्या तुकड्यावरून प्रकाश यायचा त्याचं क्षेत्रफळ ८४,००० पटींनी. नुसता बारीक पिक्सेलचा सेन्सर आणून बसवला तर हाती अंधारच येईल.

म्हणून आरसा मोठा करावा लागतो. पाव मीटरसाठी तो मीटरभराहून मोठाच हवा, नाहीतर विवर्तनामुळेच (प्रकाश कडेला पसरल्यानेच) तपशील पुसला जातो. दुसरा उपाय टीडीआय: एका ओळीऐवजी अनेक ओळी, जमिनीचा तोच तुकडा प्रत्येक ओळीवरून जातो आणि त्याचा सिग्नल साठत जातो. पण त्यासाठी उपग्रह जराही थरथरता कामा नये, नाहीतर एका तुकड्याचा प्रकाश शेजारच्यात मिसळतो. तिसरा उपाय मला फार आवडतो. २००१ च्या टीईएस या भारतीय उपग्रहाने तो वापरला: चित्र घेताना अख्खा उपग्रहच मागे झुकवत न्यायचा, म्हणजे नजर जमिनीवर जास्त वेळ टिकते. कॅमेऱ्याचा इतिहास लिहिताना उपग्रह वळवणाऱ्या माणसांना वगळू नकोस.

आता एक गोष्ट जी पुस्तकात चटकन सापडत नाही. कच्ची प्रतिमा उघडून रेघा बघ. ओळीतला प्रत्येक डिटेक्टर प्रकाशाला थोडा वेगळा प्रतिसाद देतो, त्यामुळे पुशब्रूमच्या चित्रात उड्डाणाच्या दिशेने उभ्या रेघा दिसतात. एमएसएस मध्ये एका बँडला ६ डिटेक्टर होते, म्हणून तिथे आडव्या रेघा, आणि दर सहाव्या ओळीला तीच छटा परत. समुद्रावर किंवा वाळवंटावर हे लख्ख दिसतं. नुसत्या रेघांवरून कॅमेऱ्याची जात ओळखता येते.

आणि लिस-१ ला एक भिंग नव्हतं, चार बँडना चार स्वतंत्र भिंगं होती. चारही चित्रं एकमेकांवर तंतोतंत बसायला हवीत. एक भिंग जरी तापून फोकस हलला, तरी नदीच्या काठाला खोटी रंगीत किनार येते. ते जुळवून ठेवणं हे मला मेगापिक्सेलपेक्षा कितीतरी मोठं काम वाटतं. १९७९ च्या भास्कर-१ या आपल्या आधीच्या उपग्रहावर टीव्ही कॅमेरे होते, साधारण १ किमी तपशिलाचे. तिथून नऊ वर्षांत इथवर आलो.

विदुला_क: सर, खूप आभार. मग बारीक पिक्सेल म्हणजेच चांगला कॅमेरा, असं म्हणता येईल का?

अधोबिंदू: काम कोणतं, त्यावर आहे. २००३ च्या रिसोर्ससॅट-१ उपग्रहावरचा एविफ्स कॅमेरा घे: पिक्सेल ५६ मीटरचा, पण स्वाथ (एका वेळी दिसणाऱ्या पट्ट्याची रुंदी) ७४० किमी, आणि ५ दिवसांत तीच जमीन पुन्हा. लिस-१ चा स्वाथ १४८ किमी, फेरी २२ दिवसांची. पिकाची वाढ बघणाऱ्याला एविफ्सच हवा. रस्ते, इमारती मोजणाऱ्याला कार्टोसॅट. सेमिनारसाठी कॅमेऱ्यांचा तक्ता केलास तर पिक्सेलशेजारी स्वाथ आणि फेरीचे दिवस असे दोन रकाने घाल, आणि जमल्यास इंटिग्रेशन टाइमचा, म्हणजे प्रकाश गोळा करायला मिळणाऱ्या वेळेचा, तिसरा.