सीपॅपचा मास्क: आधी दिवसा सवय, मग रात्री झोप

मास्क लावताच जीव गुदमरतो म्हणून वडिलांनी सीपॅप यंत्र (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारे यंत्र) कपाटात ठेवून दिले, असे आपण लिहिले आहे. त्यांची तक्रार खरी आहे, तिला हट्टीपणा समजू नये. मात्र उपचार सोडण्याआधी मास्कची सवय दिवसा करून पाहावी, असे मी आग्रहाने सुचवेन. दुपारी टीव्ही पाहताना प्रथम मास्क नुसता हाताने नाकाशी धरावा, मग पट्ट्या लावाव्यात आणि तेवढे अंगवळणी पडल्यावरच हवा सुरू करावी. यंत्रातील ‘रॅम्प’ची सोय वापरल्यास हवेचा दाब कमी पातळीपासून हळूहळू चढतो, डॉक्टरांनी ठरवलेला दाब मात्र आपल्या मनाने बदलू नये.

गुदमरण्याइतकाच त्रास हवेच्या गळतीचा होतो, आणि तेथे बहुतेक जण पट्ट्या आवळत जातात. मास्कची सिलिकॉनची कडा हवेने किंचित फुगून त्वचेवर बसते. पट्ट्या फार ताणल्या की ती दुमडते, गळती वाढते आणि सकाळी नाकाच्या दांड्यावर लाल वळ उमटतो. म्हणून मास्क बसून नव्हे, तर यंत्र चालू ठेवून, आडवे झाल्यावर बसवावा. भरघोस मिशा असतील तर नाकपुड्यांपाशी टेकणाऱ्या ‘नेझल पिलो’ या छोट्या मास्कविषयी जरूर विचारावे. तोंड उघडे राहून घसा कोरडा पडत असेल, तर हवेत ओलावा मिसळणारा ह्युमिडिफायर किंवा नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क उपयोगी पडतो.