मदत हवी आहे: गटासाठी वापरलेला कॉम्पॅक्ट कॅमेरा पाहिलाय, फोटोचा दर्जा घरच्या घरी कसा तपासू?

धागाकर्ता:

नमस्कार मंडळी. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, देवळी तालुक्यात. शेतकरी गटासाठी एक वापरलेला कॉम्पॅक्ट कॅमेरा घ्यायचं चाललंय. दुकानदार ओळखीचा आहे. "पोळ्यापर्यंत वापरून पाहा, नाही पटला तर आणून द्या," म्हणाला. म्हणजे पोळ्याच्या आत काय तो निकाल लावायचा आहे. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. प्रश्न त्या कंपनीचा नाही, माझ्या हाती आलेल्या या एका नगाचा आहे.

२० मेगापिक्सेल, १/२.३ इंची सेन्सर (उजेड टिपणारी चिप), १२ पट ऑप्टिकल झूम. रॉ फाइल (सेन्सरची कच्ची नोंद) मिळत नाही, जेपीईजीच. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) आपण ठरवू शकतो, शटर (उजेड किती वेळ घ्यायचा) आणि अॅपर्चर (भिंगाचं तोंड किती उघडायचं) तो स्वतः ठरवतो.

मुख्य काम कपाशीवरच्या किडीचे फोटो. सध्या पात्या-फुलं लागलीत आणि डोमकळ्या शोधणं सुरू आहे. (शेतीबाहेरच्यांसाठी: गुलाबी बोंडअळी फुलात शिरून पाकळ्या आतून जाळ्याने बांधते, फूल उमलतच नाही, त्याला डोमकळी म्हणतात.) फोटो सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवायचा तर अळी ओळखू यायला हवी. शिवाय रात्रीतून रानडुकरं, रोही (नीलगायी) पीक लोळवून जातात, त्याचे फोटो. आणि पोळा, ग्रामसभा, बैठका; त्यातले काही फ्लेक्सवर जातात. "फोनने काढा ना" असं कुणी म्हणेल म्हणून आधीच सांगतो, फोन माणसाबरोबर निघून जातो, कॅमेरा गटाच्या कपाटात राहतो.

आता अडचण. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळे फोटो झकास दिसतात. कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठे केले की खुपायला लागतं. काही फोटोंत उजवी बाजू डावीपेक्षा धूसर आहे, पण सगळ्यांत नाही. संध्याकाळी गोठ्यात काढलेल्या फोटोत बैलाच्या अंगावरचे केस गायब, मेण फासल्यासारखं दिसतं. आणि भर उन्हात पांढरा बैल काळ्या मातीत उभा असला की त्याची पाठ नुसती कोरी पांढरी येते, कातडीची एक सुरकुती दिसत नाही.

यातला कुठला दोष या नगाचा, कुठला या जातीच्या सगळ्याच कॅमेऱ्यांचा आणि कुठला माझ्या हाताचा, हे वेगळं कसं काढायचं? नेटवर आयएसओ १२२३३ नावाचा चाचणीचा तक्ता मिळतो (हा मानकाचा क्रमांक, कॅमेऱ्यातला आयएसओ वेगळा). पण इथल्या झेरॉक्सवाल्याच्या प्रिंटरवर त्याच्या बारीक रेघा आधीच एकमेकींना चिकटतात. मग परीक्षा लेन्सची होणार की प्रिंटरची? घरातल्या वस्तूंवर होईल अशी चाचणी सांगा.

भिंगवेडा:

प्रश्न नीट मांडलात, नाहीतर लोक "कॅमेरा कसा आहे?" एवढंच विचारून मोकळे होतात.

आधी हात बाद करा. कॅमेरा स्टुलावर ठेवा, खाली धान्याची छोटी पिशवी द्या, दोन सेकंदांचा सेल्फ टायमर लावा, स्थिर ठेवल्यावर स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) बंद करा, डिजिटल झूमही बंद. आयएसओ सर्वांत कमी. हे केल्याशिवाय लेन्सबद्दल काहीच बोलू नका. बिघडलेल्या जुन्या फोटोंचा एक्सिफही (फाइलमध्ये साठलेली शटर-आयएसओची नोंद) उघडून पाहा. १२ पट झूम म्हणजे फुल फ्रेमच्या (३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरच्या) हिशेबाने ३०० मिलिमीटरच्या आसपास. तिथे शटर १/३० सेकंद असेल तर हात हललाच असं समजा.

उजव्या बाजूसाठी वर्तमानपत्राची पानं सपाट भिंतीवर शेजारी-शेजारी चिकटवा, फ्रेम काठोकाठ भरली पाहिजे. कॅमेरा भिंतीला समांतर हवा, आणि तो डोळ्याने जुळत नाही. त्यासाठी कागदाच्या मधोमध छोटा आरसा भिंतीला चपटा टेकवा. पडद्यावर लेन्सचं प्रतिबिंब आरशात आणि फ्रेमच्या बरोबर मध्यभागी दिसलं की समांतर. मग आरसा काढून फोटो घ्या, झूमच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी.

खरी परीक्षा पुढे. कॅमेरा उलटा करा, खालची बाजू वर, आणि पुन्हा तेच फोटो. फाइल न फिरवता पाहा. धूसरपणा कागदाच्या त्याच मजकुराबरोबर गेला तर मांडणी तिरकी होती. मजकूर उलटला तरी फोटोच्या उजव्या बाजूलाच राहिला तर लेन्सचं एखादं भिंग केंद्रातून सरकलंय. वापरलेल्या कॉम्पॅक्टमध्ये हे होतं. पडला की आतबाहेर होणारी नळी जराशी कलते आणि बाहेरून कळतही नाही.

खात्रीसाठी दूरचा मोबाइल टॉवर फ्रेमच्या चारही कोपऱ्यांत आळीपाळीने आणून फोटो काढा. एवढ्या अंतरावर समांतरपणाचा प्रश्न उरत नाही.

वऱ्हाडी पाहुणा:

दादा, भिंगात टॉर्च मारून पायला का? माह्याजवळ होता असाच एक. पावसाळाभर लोखंडी कपाटात बंद ठेवला अन् भिंगाले बुरशी लागली. तिरपा उजेड टाकला का कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसते. ते असन तर बाकीचं काही तपासू नका, सरळ वापस करा. उन्हाकडे तोंड करून एक फोटो काढा, सगळा पांढुरका आला का समजा भिंग साफ नाही.

स्टुडिओवाला:

गोठ्यातलं मेण हा नगाचा दोष नाही. १/२.३ इंची सेन्सर म्हणजे साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर. एक इंची म्हणतात तो १३.२ बाय ८.८, क्षेत्रफळ चौपट. लहान सेन्सरवर उजेड कमी गोळा होतो, कॅमेरा आयएसओ वाढवतो, मग फोटोत उमटणारे दाणे (नॉइज) पुसताना केसही पुसतो. रॉ नसल्यामुळे पुसलेलं परत येत नाही. आजचे फोन रात्री बरे वाटतात, कारण ते लागोपाठ अनेक फ्रेम घेऊन एकत्र करतात.

किती आयएसओपर्यंत चालेल हे मात्र ठरवता येतं. रिकामा बारदाना दोरीवर टांगा, सावलीत, वारा नसताना. १००, २००, ४००, ८००, १६०० असे फोटो घ्या, उजेड तोच ठेवा. तागाचा धागा सुटा दिसतो तिथपर्यंत कॅमेरा तुमचा. माझ्या मते बारदान्यासारखा तक्ता नाही. बारीक पोत आहे, रंग फिका आहे आणि दाणे पुसणारी यंत्रणा त्यालाच आधी खाते.

बैलाच्या पाठीला औषध सोपं आहे. फ्रेममध्ये काळी माती जास्त असली की कॅमेरा तिला उजळ करायला जातो आणि पांढरं जळतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ-गडद यावा ती सेटिंग) -०.७ करा. पुढे वेचणीच्या वेळी फुटलेल्या बोंडांनाही हेच लागेल.

आणि शंभर टक्के मोठं करून पाहण्याचं वेड आवरा. ६ बाय ४ इंचाच्या प्रिंटला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) १८०० बाय १२०० पिक्सेल पुरतात, म्हणजे २२ लाखांच्या आत. ए४ ला सुमारे ८७ लाख. फ्लेक्स तर लोक रस्त्यापलीकडून पाहतात. मात्र फ्लेक्सवाल्याला फोटो व्हॉट्सअॅपवर साधा पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तुमची तपासणी पाण्यात.

धागाकर्ता:

सगळ्यांचे आभार. शाळेच्या भिंतीवर पेपर लावले, पोरांनी गर्दी केली, पण जमलं.

बुरशी नाही. झूम पूर्ण मागे असताना फोटोच्या उजव्या वरच्या कोपऱ्यातली अक्षरं विरघळतात आणि कॅमेरा उलटा केला तरी त्याच कोपऱ्यात. टॉवरनेही तेच सांगितलं. झूम जरा पुढे नेला की चारही कोपरे सारखे होतात, म्हणूनच काही फोटोंत दिसत नव्हतं. बारदाना ४०० पर्यंत चांगला, ८०० ला धागे एकमेकांत मिसळले. -०.७ ने बैलाच्या पाठीवरचे केस आले.

डोमकळी उघडून मॅक्रोने (अगदी जवळून काढायच्या मोडने) अळीचा फोटो काढला. तिचं डोकं आणि अंगावरचे गुलाबी पट्टे स्वच्छ आले, भोवतीच्या पाकळ्याही फोकसमध्ये. पण मॅक्रो झूम मागे असतानाच चालतो, म्हणजे नेमका दोष असलेल्या जागी. ठेवू की परत करू?

भिंगवेडा:

अळी मधोमध असते, तिला कोपऱ्याचं काही नाही. आणि पाकळ्यांसकट सगळं फोकसमध्ये येणं ही लहान सेन्सरचीच देणगी, मोठ्या कॅमेऱ्यात त्यासाठी झगडावं लागतं. अडचण येईल ती पोळ्याच्या फोटोत. बैलांची अख्खी रांग बसवायला झूम मागेच ठेवावा लागतो, आणि उजव्या टोकाला तोरणाखाली उभ्या माणसाचा चेहरा जाईल. कमी किमतीत मिळत असेल तर कीड-नोंदींसाठी ठेवायला हरकत नाही. पूर्ण किमतीत मी घेणार नाही. सरकलेलं भिंग दुरुस्त करण्याचा खर्च अशा कॅमेऱ्याला परवडत नाही.

धागाकर्ता:

दुकानदाराशी फोनवर बोललो. किंमत कमी करायला तयार नाही, पण त्याच मॉडेलचा दुसरा नग आहे म्हणतो. बाजाराच्या दिवशी वर्ध्याला जातो. पेपर आणि आरसा बरोबर घेतो, समोरच्या भिंतीवर तिथेच पाहतो.

स्टुडिओवाला:

स्वतःचं मेमरी कार्ड न्या आणि फोटो दुकानातल्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा, कॅमेऱ्याच्या पडद्यावर हो म्हणू नका. बॅटरी काढून टेबलावर सपाट ठेवा, गरगर फिरली तर फुगलेली आहे. चार्जर मूळचा आहे का तेही बघा.