मदत हवी आहे : वीज गेली तरी फ्री डिशवरील रेकॉर्डिंग चालू कसे ठेवावे?

नमस्कार. आम्ही यावल तालुक्यातील एका खेड्यात राहतो. केबल बंद करून डीडी फ्री डिशची छत्री बसवली असून सह्याद्री वाहिनी स्वच्छ दिसते. अडचण आहे ती रेकॉर्डिंगची.

आमच्या आबांची केळीची बाग आहे. सायंकाळी सातच्या बातम्या आणि शेतीविषयक कार्यक्रम ते मनापासून पाहतात; परंतु शेतीपंपाच्या विजेची पाळी रात्रीची असली की त्यांना दिवेलागणीलाच मळ्यात जावे लागते. मोबाइलवर नंतर पाहता येईल हे खरे, पण त्यांची नजर अधू झाली आहे आणि त्यांच्यासाठी मोठा पडदाच हवा.

छपरावरच्या जुन्या अँटेनाचा आता उपयोग नाही, कारण दूरदर्शनने ॲनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद केले आहेत. 2016 साली ज्या 16 शहरांत डिजिटल प्रक्षेपण सुरू झाले, त्यांत मुंबई आणि औरंगाबाद होते, खानदेशातील एकही गाव नव्हते. आणि अजिंठ्याची डोंगररांग ओलांडून औरंगाबादचा सिग्नल आमच्यापर्यंत येणे शक्य नाही. त्यामुळे 93.5 अंश पूर्वेवरील जीसॅट-15 उपग्रह हाच आमचा आधार आहे. त्यासाठी छत्रीचे तोंड आग्नेयेस आहे आणि उपग्रह बराच उंचावर असल्याने अंगणातील कडुलिंब आड येत नाही.

आमच्या बॉक्सला यूएसबी खाच आहे. पेन ड्राइव्ह लावून रिमोटवरचे लाल बटण दाबले की रेकॉर्डिंग नीट होते. टायमर लावून ठेवल्यावर मात्र मध्येच वीज गेली, तर ती परत आल्यावर बॉक्स सुरू होतो, घड्याळही उपग्रहाच्या सिग्नलवरून आपोआप बरोबर लागते, पण अर्धवट राहिलेले रेकॉर्डिंग पुढे चालू होत नाही. आमच्याकडे संध्याकाळीच वीज जास्त जाते, त्यामुळे हीच खरी डोकेदुखी आहे.

बॉक्सचा अडॅप्टर 12 व्होल्टचा आहे. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस त्याला जोडला तर चालेल का? एलएनबीलाही (छत्रीसमोरची सिग्नल पकडणारी डबी) वीज बॉक्सकडूनच, त्याच केबलमधून मिळते आणि रेकॉर्डिंगसाठी टीव्ही चालू असण्याची गरज नाही. तेव्हा एवढाच भार त्या यूपीएसने तासभर पेलला तरी आमचे काम होईल, असे वाटते. पेन ड्राइव्ह एफएटी 32 पद्धतीचा असल्याने 4 जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, पण तासाभराच्या कार्यक्रमाला तेवढी जागा पुरते.

दुसरा विचार असा, की जुन्या संगणकाला उपग्रहाचा सिग्नल घेणारा डीव्हीबी-एस2 ट्यूनर लावून टीव्हीहेडएंड या सॉफ्टवेअरवर रेकॉर्ड करावे. असे केल्यास त्याच छत्रीला दोन तोंडांचा एलएनबी बसवून घरच्यांना त्याच वेळी दुसरी वाहिनी पाहता येईल का?

यांपैकी कोणतीही जोडणी ज्यांनी पावसाळ्यासह वापरून पाहिली असेल, त्यांनी यूपीएसची क्षमता आणि बॉक्स किंवा ट्यूनरचे नेमके मॉडेल कृपया कळवावे. जळगाव किंवा भुसावळच्या बाजारात मिळणारे असल्यास अधिक सोयीचे होईल.