‘फ्री ट्रान्सफर’ला मराठीत काय म्हणावं?

धरमपेठकर: एका दैनिकाच्या क्रीडापानासाठी घरून भाषांतरं करते. फुटबॉलपटू एम्बापेचा पॅरिसच्या क्लबशी करार संपला आणि २०२४ मध्ये तो रिअल माद्रिदला गेला, त्या संदर्भात मी ‘मोफत बदली’ लिहिलं. बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “मोफत? बदली? आमच्या वेळी नव्हतं बाई असं काही.” दुसरा शब्द सुचवा. पान रात्री दहाला सुटतं.

शुद्धमती: विनाशुल्क हस्तांतरण.

कामठीवाला: हस्तांतरण प्लॉटचं होते भाऊ, माणसाचं नाही. अन् ताई, ‘बदली’ तरी काहून? बदलीत वरून कागद येते, माणसाले कोणी पुसत नाही. इथं गडी सोताच्या मर्जीनं जाते. आमच्या कामठीत गल्लीगल्लीत फुटबॉल, पण आम्ही ‘त्यानं टीम सोडली’ एवढंच म्हणतो.

काळा_कोट: मर्जी हा प्रकार अलीकडचा. पूर्वी करार संपला तरी खेळाडूवर क्लबचाच हक्क असे. बेल्जियमच्या बोसमन या खेळाडूला लिएज क्लब सोडून फ्रान्सच्या डंकर्कला जायचं होतं, पण पैशांवरून अडलं. तो कोर्टात गेला आणि १५ डिसेंबर १९९५ ला युरोपीय न्यायालयाने ठरवलं की करार संपलेल्या खेळाडूसाठी युरोपीय संघात जुन्या क्लबला पैसे मागता येणार नाहीत. पण ‘मोफत’ इथेही खोटंच. जुन्या क्लबला द्यायचे वाचलेले पैसे बरेचदा सही करताना खेळाडूच मागून घेतो. ‘करारमुक्त’ लिहा.

शुद्धमती: करार अरबी आहे.

काळा_कोट: मग ‘कागद’ही सोडा, लिहायचं कशावर?

धरमपेठकर: ‘करारमुक्त’ चालेल. पण करारात सहा महिने उरले की परदेशी क्लबशी आधीच लिहून घेता येतं, त्याला काय म्हणू? दर जानेवारीत अफवा उठतात त्या यावरूनच.

कामठीवाला: इसारचिठ्ठी! वावराचा सौदा तोंडी झाला की इसार देतेत ना, तसं.

पुण्याहून: ‘विसार’ ना? विसारपावती.

कामठीवाला: तुमच्याकडे असेल. आमचा इसार ‘इशारा’वरून आला, मालकाले इशारा की आता दुसऱ्याले इकू नको.

काळा_कोट: ही व्युत्पत्ती तुमची घरगुती दिसते. शिवाय जानेवारीत नवा क्लब जुन्याला काही देत नाही, मग इसार कुणाला?

सेलूकर: शेतातला शब्द आयता पडला आहे की! आमच्याकडे सालगडी पाडव्याला ठरायचा. साल संपलं की गडी मोकळा, जुन्या मालकाला छदाम द्यायचा नाही. ही झाली फ्री ट्रान्सफर. मधेच न्यायचा तर नव्या मालकाने त्याची उचल फेडायची. आमच्या आजोबांनी एक गडी असाच आणला होता, ओसरीवर बसून नोटा थुंकी लावून मोजल्या. नेमारला २०१७ मध्ये बार्सिलोनातून नेताना २२ कोटी २० लाख युरो मोजले, ती उचलच!

काळा_कोट: नाही. उचल हे गड्याच्या डोक्यावरचं कर्ज. नेमारची रक्कम हे करारातच लिहून ठेवलेलं सुटकेचं मोल. कर्जापायी माणूस अडकवणं १९७६ च्या वेठबिगारी कायद्याने बंद झालं, अशा उपमा जपून द्या.

शुद्धमती: आणि कोट्यधीश खेळाडूला ‘गडी’?

कामठीवाला: कबड्डीत ‘गडी बाद’ म्हणता तवा चालते! सवंगडीत पण गडीच आहे.

सेलूकर: लिव्हरपूलचा ट्रेंट घ्या. करार ३० जून २०२५ पर्यंत होता, पण रिअलला तो क्लब विश्वचषकासाठी आधी हवा होता. राहिलेल्या दिवसांचे पैसे भरून नेला. अगदी पाडव्याच्या तोंडावर गडी नेल्यासारखं.

जळगावची_लेक: पाडवा कसला? सालदार आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला बदलतो.

सेलूकर: आखाजी खानदेशात. वऱ्हाडात पाडवाच.

जळगावची_लेक: माझं माहेर जळगाव, सासर मलकापूर. दोन्हीकडे आखाजीच पाहिली.

कामठीवाला: मलकापूर म्हणजे अर्धं खानदेशच की वो.

धरमपेठकर: साडेनऊ झाले. ‘करारमुक्त’ टाकतेय.

जळगावची_लेक: मलकापूर बुलढाणा जिल्ह्यात आहे, भाऊ. नकाशा बघा.