एमबीएपेक्षा केपीएससीची तयारी आधी
निपाणीच्या ताईंनी विचारलंय, की मुलीनं एचआरमध्ये एमबीए केलंय, तर बेळगाव महापालिकेत थेट एचआर अधिकारी होता येईल का? ताई, खाजगी कंपनीसारखी थेट वाट इथे सहसा नसते. भरती, बढती, रजा, पेन्शन ही कामं आस्थापना विभागात चालतात, आणि तिथे बहुतेक जण कारकुनीतूनच वर येतात. कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या (केपीएससी) परीक्षेतून भरल्या जाणाऱ्या एसडीए (द्वितीय दर्जा सहायक) पदाला पीयूसी (बारावी), एफडीए (प्रथम दर्जा सहायक) पदाला पदवी लागते. मग खात्याच्या परीक्षा, ज्येष्ठता, बढती. वरच्या पदांवर केएएस (कर्नाटक प्रशासकीय सेवा) अधिकारीही येतात, म्हणून मुलीनं ती परीक्षाही जरूर द्यावी.

खरी अडचण कन्नडची. एसडीए-एफडीएच्या सक्तीच्या कन्नड पेपरात १५० पैकी ५० गुण लागतात, शिवाय कार्यालयात टिप्पणी, आदेश सगळं कन्नडमध्येच. मराठी माध्यमातल्या आपल्या मुलांनी त्याला घाबरून अर्जच भरू नये, याचं मला फार वाईट वाटतं. रोज एक सरकारी आदेश वाचला तरी भाषा अंगवळणी पडते.

आणि आस्थापनेचं हे काम कोरडं समजू नका. पौरकार्मिक (सफाई कामगार) सेवेत असताना वारला, तर अनुकंपा नोकरीसाठी घरच्यांना साधारण वर्षभरातच अर्ज करावा लागतो. सेवा पुस्तिकेत वारसाची नोंद नसेल, तर ते वर्ष कागद गोळा करण्यातच जातं. १ एप्रिल २००६ पासून लागलेल्यांना सहसा एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना), आधीच्यांना जुनी पेन्शन. रुजू तारखेची नोंद चुकली की म्हातारपणी हेलपाटे. मुलीला हे सांभाळायची आवड असेल, तर एफडीएचा अर्ज भरायला सांगा. पहिली नेमणूक निपाणी-खानापूरसारख्या लहान गावात मिळाली तरी घ्यावी, तिथे एकाच टेबलावर सगळी कामं शिकायला मिळतात.