पद्मिनी रोज चालवायचीच गाडी आहे

वर कुणीतरी लिहिलंय की जुनी गाडी म्हणजे नुसती रविवारी पुसायची नि फोटो काढायची वस्तू, ते मला अजिबात पटलं नाही. आमच्याकडे बाबांची प्रीमियर पद्मिनी आहे, कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीचं इंजिन, आणि मी ती भाजी आणायलासुद्धा नेतो. स्टिअरिंगखालचा तो गिअरचा दांडा, त्याची मजा नव्या गाडीत नाहीच! चारच गिअर, पण हात स्टिअरिंगजवळून हलवावा लागत नाही आणि मधे जमिनीतून दांडा नाही म्हणून पुढे तिघं बसतात. सकाळी चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून असलेली कळ) ओढायचा, इंजिनाचा आवाज एकसारखा झाला की आत ढकलायचा, मग निघायचं. पॉवर स्टिअरिंग नाही, पार्किंग करताना हाताचे दंड भरून येतात, पण गाडी चालू लागली की रस्ता थेट हाताला कळतो, आणि काचांमधले खांब बारीक असल्यामुळे चारी बाजूंना काय स्वच्छ दिसतं!

मुंबईत २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी बंद झाली तेव्हा खरंच वाईट वाटलं. अजून सिग्नलला जुने टॅक्सीवाले काच खाली करून गाडीची चौकशी करतात.

कुणी घेणार असाल तर आधी खालचा पत्रा बघा, मॅट उचलून. कार्ब्युरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग), पॉइंट नि प्लग (ठिणगीचे भाग) सगळं बॉनेट उघडलं की हाताशी आहे, घरी साफ होतं, पण पत्रा गंजलेला असेल तर खर्च खूप वाढतो.