मदत हवी आहे: समुपदेशनाची पहिली भेट कशी असते?

शनिवारी समुपदेशकाकडे पहिल्यांदाच जातेय. झोप उडालीय, ऑफिसात कुणी नुसतं "रिपोर्ट झाला का?" विचारलं तरी डोळे भरून येतात. थायरॉइड, बी-१२ तपासून झालं, नॉर्मल आहे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला (१४४१६) फोन केला होता. मराठीत नीट बोलले, प्रत्यक्ष भेटा म्हणाले. औषधं चालू नाहीत. गोळ्या मानसोपचारतज्ज्ञ देतात हे माहीत आहे, तो प्रश्न नाही. ऑनलाइन सुचवू नका, आमच्या घरात भिंतींनाही कान आहेत.

फॉर्मवर तातडीचा संपर्क म्हणून नवऱ्याचा नंबर मागितलाय. दिला तर त्याला कधी आणि काय कळवतात? पहिल्याच भेटीत सगळं सांगावं लागतं, की एखादा विषय "आज नको" म्हणता येतो? आणि समुपदेशक आपल्याला जमणारा नाही, हे साधारण कितव्या भेटीत ठरवावं?